मुदत आणि नजराणा

मराठीतल्या ‘नजर’ या शब्दात दोन अरबी शब्द येऊन मिसळले आहेत. एकाचा अर्थ पाहणं, दृष्टी. दुसऱ्याचा अर्थ नवस, वाहिलेली वस्तू. मूळ लिपीत दोन्हींची अक्षरं वेगळी आहेत. देवनागरीत दोघांना एकच ‘ज’ मिळाला आणि फरक पुसला गेला. ‘नजराणा’ हा यातल्या दुसऱ्या शब्दाच्या घरातला. म्हणजे मुळात ती आपण होऊन वाहिलेली भेट. मराठी कानाला मात्र त्यात पहिलाच शब्द ऐकू येतो: ज्याची नजर आपल्यावर असावी, निदान वाकडी नसावी, त्याच्यापुढे ठेवलेली रक्कम. कोशकार याला गैरसमज म्हणतील. छत्तीसगडातल्या जमिनीचा इतिहास वाचल्यावर मला वाटतं, मराठी कानाचंच बरोबर आहे.

या शब्दापाशी मी आले ती एका करारनाम्यामुळे. रायपूरजवळच्या सिलतऱ्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, मूळ गोंदियाकडच्या एका फिटरनं तो मराठीत करून मागितला होता. छापील इंग्रजी मजकूर. नावं, रक्कम आणि तारखा तेवढ्या हातानं भरलेल्या. मुदत ११ महिने. त्यात एक कलम असं होतं की मुदत संपल्यावर पुढं राहायचं असेल तर भाडेकरूनं मध्यस्थाला एका महिन्याच्या भाड्याइतकी ‘रिन्यूअल फी’ द्यावी, नाहीतर खोली रिकामी करावी. फोनवर ते म्हणाले, "ताई, खोली तीच, मालक तोच, मीही तोच. मग हे पैसे नेमके कशाचे, तेवढं सांगा."

‘नूतनीकरण शुल्क’ हा तयार प्रतिशब्द हाताशी होता. पण शुल्क म्हटलं की त्यामागे कुणीतरी काहीतरी काम केलेलं असतं. खोली शोधून देण्याची दलाली समजू शकते. जो माणूस खोलीत राहतोच आहे, त्याला ती खोली पुन्हा शोधून देण्याचे पैसे समजत नाहीत. मग या मुलखात असे पैसे पूर्वी कुणी, कुणाला आणि का दिले, याचा माग काढायला मी बसले. त्या मागावर थोड्याच अंतरावर नागपूरचं मराठी राज्य लागलं.

सिलतरा रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूरच्या रस्त्यावर आहे. आज हे नाव स्पंज आयर्नच्या भट्ट्यांशी आणि रोलिंग मिलशी जोडलं गेलं आहे, पण हा मुलूख भाताचा. इथला शेतकरी जमिनीला कन्हार, डोरसा, मटासी, भाटा अशी नावं देतो. काळ्या कसदार मातीपासून मुरमाड माळापर्यंतची ही उतरंड आहे. १७४१ साली नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या वाटेवर रतनपूरला आले आणि तिथल्या हैहयवंशी राजानं शरणागती पत्करली. १७५८ मध्ये रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपुरात येऊन स्वतः कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये ते वारले. त्यानंतर नागपूरकरांनी सुभेदार पाठवून हा प्रांत चालवला. १७९० च्या सुमारास विठ्ठल दिनकर या सुभेदारानं जुन्या गडांची रचना मोडून २७ परगणे केले आणि प्रत्येकावर कमाविसदार बसवला.

या व्यवस्थेत वरपासून खालपर्यंत कुणाचीच जागा पक्की नव्हती. सुभेदारीच मक्त्यानं दिली जाई: नागपूरला अमुक रक्कम पोचवायची, बाकीचं तुमचं. सुभेदार तोच हिशेब परगण्यावर लावी आणि परगण्याचा अंमलदार गावावर. गावाच्या पातळीवर हा व्यवहार गौंटियाशी होई. गौंटिया म्हणजे गावप्रमुख. तो गावचा सारा द्यायचं कबूल करी आणि रयतेकडून गोळा करी. त्याची ही बोली साधारण वर्षाची असे. दुसऱ्या कुणी जास्त देऊ केलं तर गाव त्याच्या हातून जाऊ शके. आपण आज ‘मक्तेदारी’ हा शब्द बाजारावरच्या एकछत्री ताब्यासाठी वापरतो. पण मक्तेदाराच्या हातात कायमचं असं काहीच नसे, असे ते ठरावीक मुदत. त्या मुदतीत जितकं काढता येईल तितकं काढायचं, कारण पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे ठाऊक नाही. वरच्याच्या मनातली धास्ती अशी खालच्याच्या खिशापर्यंत पोचते.

देशावरच्या मराठी गावांत याच सुमारास मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराची जमीन पिढीजात. सारा भरला तर त्याला कुणी उठवू शकत नसे. उपरी कुळ बाहेरून आलेलं, त्याचा करार ठरलेल्या काळापुरता. १८१८ नंतर पेशव्यांच्या मुलखाचा अहवाल लिहिताना एलफिन्स्टननं या दोघांतला फरक मुद्दाम नोंदवला. उपरी हा शब्द जमीनधाऱ्याच्या कागदातून गेला, पण ‘उपरा’ बोलण्यात राहिला. ज्याच्या मुदतीला शेवट आहे तो परका, हे आपल्या भाषेनं सरकारी दप्तराच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

तरीही अठराव्या शतकातल्या छत्तीसगडात एक गोष्ट रयतेच्या बाजूनं होती. जमीन पुष्कळ आणि माणसं थोडी होती. गौंटियानं फार ताणलं तर कुळ बैल हाकून शेजारच्या गावी जाई, आणि तिथला गौंटिया त्याला बियाणं देऊन ठेवून घेई. ओस पडलेल्या गावाचा सारा कोण देणार? म्हणून कुळ जाईल ही चिंता गौंटियालाच जास्त असे. ‘लाखाबाटा’ ही इथली पद्धत याच परिस्थितीत टिकली. काही वर्षांनी गावातली शेतं पुन्हा वाटली जात. कुणाकडे नांगर किती, हे पाहून कन्हार, मटासी आणि भाटा यांचे हिस्से केले जात, म्हणजे चांगली जमीन कायम एकाच्याच वाट्याला आणि मुरमाड कायम दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये. ही काही समतेची गोष्ट नव्हती. वाटप गौंटियाच्या हातात होतं आणि हात मारायला तिथं भरपूर वाव होता. पण तत्त्व ध्यानात घेण्यासारखं आहे: शेत बदलायचं, गावातला हिस्सा मात्र जात नसे.

इंग्रजांनी हे उलटं केलं, आणि ते सुधारणेच्या भाषेत केलं. १८१८ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांचा पाडाव झाल्यावर अ‍ॅग्न्यू या अधिकाऱ्यानं १८२५ पर्यंत छत्तीसगडचा कारभार पाहिला. त्याच्या काळात राजधानी रतनपूरहून रायपूरला आली आणि परगणे २७ चे ८ झाले. १८३० मध्ये प्रांत तिसऱ्या रघूजींकडे परत गेला, १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. नव्या सरकारला गावाचा एक ‘मालक’ हवा होता, ज्याच्या नावानं कायमचा कागद करता येईल. १८६० च्या दशकातल्या जमाबंदीत (रायपूरची ह्यूइटनं १८६९ मध्ये पुरी केली) तो मालक म्हणून बहुतेक ठिकाणी गौंटिया नेमला गेला. काल जो वर्षाच्या बोलीवर होता, आपलं गाव जाईल म्हणून ज्याची झोप उडत असे, तो एका शिक्क्यानं मालगुजार झाला. त्याची मुदत संपली. दुसऱ्याची मुदत ठरवण्याचा अधिकार आता त्याच्याकडे आला.

१८८० च्या दशकात रेल्वे आली. तांदूळ आणि गहू बाहेर जाऊ लागले, जमिनीला भाव आला, रायपूरचे व्यापारी गावं विकत घेऊ लागले. माणसं कमी आणि जमीन जास्त ही जुनी तराजू फिरली. आता कुळ जाईल ही भीती मालकाला उरली नाही. मालक काढेल ही भीती कुळाला लागली. नजराण्याची भरभराट इथून सुरू होते. कुळाला आपली जमीन दुसऱ्याच्या नावे करायची तर मालगुजाराची संमती लागे, आणि संमतीला नजराणा लागे.

रायपूर-बिलासपूरच्या कडेला जंगलपट्ट्यात जुन्या जमीनदाऱ्या होत्या. तिथं हा व्यवहार सर्वांत उघडा दिसतो. जमीनदार आपली गावं ठेकेदारांना काही वर्षांच्या ठेक्यानं देई. ठेकेदार बहुधा गावचाच जुना गौंटिया. त्याच्या बापानं झाडी तोडून, तलाव खणून गाव वसवलेलं. ठेका संपला की तो नवा करून घ्यायला नजराणा द्यावा लागे. समजा वर्षाची जमा १०० रुपये आहे आणि ठेका पाच वर्षांचा. नव्या ठेक्याला १०० रुपये नजराणा म्हणजे वर्षाला वीस रुपयांची वाढ झाली. पण कागदावर जमा १०० च राहते. वाढ दिसत नाही, म्हणून तिच्यावर कुणाला बोटही ठेवता येत नाही. शिवाय ती एकदम, आगाऊ द्यायची. ठेकेदार ती सावकाराकडून आणी आणि रयतेकडून फेडून घेई. ठेका टिकला तर रयतेनं भरलं. ठेका गेला तर नव्या ठेकेदारानं त्याहून मोठा नजराणा भरलेला असे, तोही रयतेनंच भरला.

हे वाचताना त्या फिटरच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. हिशेब तोच आहे. खोलीचं भाडं ३,००० धरलं तर ११ महिन्यांचे ३३,००० होतात. मध्यस्थाचे ३,००० मिळवले की भाडं नऊ टक्क्यांनी वाढतं आणि करारात मात्र वाढत नाही. मालक म्हणू शकतो, मी एक रुपयाही वाढवलेला नाही. मध्यस्थ म्हणू शकतो, माझी तर फी आहे. दोघंही खोटं बोलत नाहीत. नजराण्याची खरी सोय हीच होती. इंग्रजीतही याला जुना शब्द आहे. आज दंडाच्या अर्थानं वापरला जाणारा ‘फाइन’ पूर्वी पट्टा देताना किंवा तो वाढवून देताना कुळाकडून घेतलेल्या एकरकमी पैशासाठीही वापरत. त्याचं मूळ ‘शेवट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे: प्रकरण मिटवण्याचे पैसे. फारसीनं त्याला भेट म्हटलं, इंग्रजीनं मिटवणं म्हटलं. काम केल्याचा मोबदला असं सोंग त्याला आजच्या कागदानं दिलं. मी अनुवादात ‘मुदतवाढीचा नजराणा’ असं लिहिलं आणि खाली एका ओळीत सांगितलं की हे पैसे काढून न टाकण्याचे आहेत.

मग हा नजराणा कधी थांबला का? एका ठिकाणी थांबला, आणि कसा थांबला हे पाहण्यासारखं आहे. १८८१ च्या मध्य प्रांत जमीन महसूल कायद्यात १८८९ मध्ये ६५-अ हे कलम घालण्यात आलं. ज्या ठेकेदारानं किंवा गौंटियानं गाव दीर्घकाळ सांभाळलं आणि स्वतःच्या खर्चानं सुधारलं, त्याला ‘संरक्षित’ दर्जा देता येऊ लागला. दर्जा मिळाला की मुदत संपली म्हणून जमीनदाराला त्याला काढता येत नसे, जमा सरकारी अधिकारी ठरवी, आणि हक्क वारसाकडे जाई. मुदतच उरली नाही, तेव्हा मुदतवाढीची किंमतही उरली नाही. नजराणा हा वाईट रिवाज आहे असं ठणकावून सांगितल्यानं तो गेला नाही. काढून टाकण्याची ताकद काढून घेतल्यावर त्याचं कारणच संपलं.

पण कलम ठेकेदारापाशी थांबलं. ज्याला दर्जा मिळाला नाही तो जुन्याच रांगेत राहिला. कुळांसाठी १८८३ आणि १८९८ चे वेगळे कायदे आले, त्यांनी बऱ्याच कुळांना बेदखलीपासून आणि मनमानी खंडवाढीपासून आडोसा दिला. त्यांच्याही खाली शिकमी, म्हणजे कुळाचं कुळ, किंवा मालगुजाराच्या ‘सीर’ जमिनीवर राबणारा पोटभाडेकरी, उघड्यावरच राहिला. संरक्षण पायरीपायरीनं खाली येत होतं आणि दरवेळी शेवटची पायरी सोडून थांबत होतं. ज्याला नुकतं संरक्षण मिळालं, तोच त्या शेवटच्या पायरीवरच्या माणसाची मुदत ठरवू लागे. गौंटियाचं जे झालं तेच पुन्हा, लहान प्रमाणावर.

आणखी एक खोड जुनी आहे. कायदा एक रेघ आखतो आणि व्यवहार त्या रेघेच्या एक पाऊल अलीकडे जाऊन बसतो. १८५९ च्या बंगालच्या कायद्यात, जो पुढं १८६४ मध्ये मध्य प्रांतालाही लागू झाला, अशी तरतूद होती की १२ वर्षं सलग जमीन कसणाऱ्या कुळाला ताब्याचा हक्क मिळावा. बंगालच्या जमीनदारांनी उपाय शोधला: बारा वर्षं भरण्याआधी कुळाला एका शेतावरून दुसऱ्या शेतावर हलवायचं. माणूस त्याच गावात म्हातारा होई, पण कोणत्याही एका तुकड्यावर त्याची बारा वर्षं पुरी होत नसत. ही पळवाट बुजवायला १८८५ साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या बंगाल कूळ कायद्यानं म्हटलं की त्याच गावातली कोणतीही जमीन बारा वर्षं कसली तरी पुरे. आता १९०८ चा नोंदणी कायदा घ्या. एका वर्षाहून जास्त मुदतीचा किंवा वर्षावर्षानं चालणारा भाडेपट्टा नोंदवणं त्यात सक्तीचं आहे. म्हणून आपल्याकडच्या करारांची मुदत ११ महिने असते. बारा वर्षांची रेघ होती तेव्हा कुळाला शेतावरून हलवत. बारा महिन्यांची आली तेव्हा भाडेकरूला कागदावर हलवायला लागले.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्यानं ३१ मार्च १९५१ पासून मालगुजार आणि जमीनदार या मधल्या पायऱ्या काढून टाकल्या. १९५६ मध्ये नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, रायपूर भोपाळच्या राज्यात राहिलं, आणि १७४१ पासूनचा कारभारी संबंध तुटला. १९५९ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेनं कसणाऱ्याच्या हितासाठी आणखी एक रेघ आखली: सर्वसाधारणपणे भूमिस्वामीनं आपली जमीन तीन वर्षांत एका वर्षाहून अधिक काळ दुसऱ्याला कसायला देऊ नये. परिणाम रायपूरच्या भातखाचरांत आजही दिसतो. जमीन अधियानं किंवा रेगह्यानं दिली जाते, म्हणजे निम्म्या पिकावर किंवा ठरलेल्या धान्यावर, पण तोंडी, वर्षापुरती. कागद नाही, म्हणून कसणाऱ्याचं नाव कुठंच नाही. पुढच्या वर्षी मिळेल की नाही, हे मालकाच्या मर्जीवर.

सिलतरा औद्योगिक झालं ते यानंतर. केंद्र सरकारच्या १९८८ च्या विकास केंद्र योजनेत दुर्गजवळचं बोरई आणि रायपूरजवळचं सिलतरा निवडलं गेलं. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड राज्य झालं आणि ही जागा राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाकडे आली. कारखान्यांना भूखंड दीर्घ मुदतीच्या, सामान्यतः ९९ वर्षांच्या पट्ट्यानं मिळतात. भांडवलाला स्थैर्य लागतं, उद्या काढून टाकतील या धास्तीत कुणी भट्टी उभारत नाही, हे सरकारला नीट समजतं. त्या भट्टीवर पाळी करणारा माणूस ज्या खोलीत झोपतो, तिची मुदत ११ महिने. एकाच मातीवर पट्ट्यानं बसलेल्या दोघांच्या मुदतीत इतका फरक मला भोसल्यांच्या कागदांतही आढळला नाही. तिथं निदान सुभेदारही मुदतीवर होता.

भाड्याच्या खोल्यांसाठी कायदा नाही असं नाही. १९६१ चा मध्य प्रदेशचा जागा नियंत्रण कायदा बाजूला सारून छत्तीसगडनं २०११ मध्ये स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा केला. त्यात भाडे नियंत्रक आणि त्यांच्यावर न्यायाधिकरण आहे. न्यायाधिकरणाच्या निकालावर थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करता येईल अशी तरतूदही त्यात होती. राज्याला असा अधिकार नाही म्हणून घटनापीठानं ती डिसेंबर २०१९ मध्ये रद्द केली. कायद्याची सुरुवात जिल्हा मुख्यालयांच्या नगरपालिका हद्दींपासून झाली. इतर भाग अधिसूचनेनं आत घ्यायचे. कारखान्यांच्या कडेनं खेड्यांच्या हद्दीत वाढलेल्या चाळी या मांडणीच्या केंद्रस्थानी कधीच नव्हत्या.

या कायद्याच्या परिशिष्टातली एक तरतूद मात्र विचार करून लिहिलेली वाटते. घरमालकाला कोणतंही कारण न देता, सहा महिन्यांची लेखी नोटीस देऊन जागा रिकामी मागता येते. पण अट अशी की त्यानंतर निदान १२ महिने ती जागा जास्त भाड्यानं देता येणार नाही. म्हणजे काढायचंच असेल तर काढा, पण काढण्यात नफा नको. मसुदा लिहिणाऱ्याला रोगाची नाडी सापडली होती. अडचण दोन ठिकाणी आहे. ही अट मोडली गेली हे पाहणार कोण? जो भाडेकरू सहा महिन्यांपूर्वी गेला, तो परत येऊन नव्या भाडेकरूचं भाडं विचारणार नाही. आणि नफा भाड्यात दिसलाच पाहिजे असंही नाही. नवा माणूस आला की मध्यस्थाला नवी दलाली मिळते. जुनाच राहिला तर नजराणा मिळतो. भाडं तेच, अट पाळली गेली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानं मध्यस्थांना नोंदणी लावली खरी, पण ती प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. खोली भाड्यानं लावून देणारा त्या जाळ्यातून सहज निसटतो.

इतर ठिकाणचे अनुभव याच दिशेला बोट दाखवतात. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लेखी करार आणि त्याची नोंदणी सक्तीची केली, मुदत कितीही असो. म्हणजे ११ महिन्यांचं जुनं कारण तिथं उरलेलं नाही. तरी पुण्या-मुंबईत ११ महिन्यांचे करार सर्रास होतात, कारण दरवर्षी पुन्हा बोलणी करण्याची संधी मालकाला आणि मध्यस्थाला सोडवत नाही. मुंबईची पागडी १९४७ च्या कायद्यानं गुन्हा ठरवली होती; ५० वर्षं ती बिनपावतीनं चालली आणि १९९९ च्या कायद्यानं तिला शेवटी मान्यता दिली. इंग्लंडनं २०१९ च्या कायद्यानं भाडेकरूंकडून मुदतवाढीची फी घेणं बंद केलं. १ जूनपासून नव्या करारांना आणि पुढच्या वर्षी जुन्यांनाही. पण कारण न देता दोन महिन्यांची नोटीस देण्याचा मालकाचा १९८८ पासूनचा अधिकार तसाच होता, त्यामुळे मुदतीच्या टोकाशी दबाव आणायला भाडेवाढीचा रस्ता मोकळा राहिला. तो अधिकार काढणारा कायदा २०२५ मध्ये आला. फी आधी गेली, भीती नंतर. १८८९ च्या कलमानं हे एकाच घावात केलं होतं, फक्त फार थोड्या लोकांसाठी.

म्हणून फी किती असावी, पावती मिळावी की नाही, मध्यस्थ नोंदलेला असावा की नाही, हे प्रश्न मला दुय्यम वाटतात. ते विचारावेत, पण त्यांच्यावर थांबू नये. मुख्य प्रश्न असा आहे की भाडं वेळेवर देणाऱ्या, खोली नीट ठेवणाऱ्या माणसाची मुदत संपते म्हणजे नेमकं काय संपतं. करार आपोआप पुढं चालू राहिला आणि तो थांबवण्यासाठी मालकाला कारण द्यावं लागलं, तर मध्यस्थाकडे विकायला काही उरत नाही. मालकाला ज्या कामासाठी मध्यस्थ लागतो त्याचे पैसे मालकानं द्यावेत. भाडेकरू त्याला कामाला लावतो तेव्हा भाडेकरूनं. दोघांनीही न सांगितलेल्या कामाचे पैसे कुणीच देऊ नयेत.

छत्तीसगडात याची भाषा नव्यानं घडवायला नको. लाखाबाटा कधीच बंद झाला आणि तो परत यावा असं कुणी म्हणणार नाही. पण त्या पद्धतीत एक समज होती, जी ९९ वर्षांच्या आणि ११ महिन्यांच्या मधल्या दरीत हरवली आहे. तेव्हा माणसाचं शेत बदलत असे आणि गावातला त्याचा हिस्सा राहत असे. आता खोली तीच राहते, आणि तिथं राहण्याचा हक्क दर ११ महिन्यांनी पुन्हा विकत घ्यावा लागतो.